एकदा डेंग्यू झाला म्हणजे पुन्हा होणार नाही का?

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातील एका शिक्षिकेने विचारला आहे. त्यांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास डेंग्यू झाला होता आणि काही दिवस त्याला दवाखान्यात ठेवावे लागले होते. यंदा पावसाळा सरता सरता गल्लीत पुन्हा रुग्ण निघू लागले आहेत. शेजारच्या आजी म्हणतात, एकदा होऊन गेला, आता अंगात शक्ती आली, काळजी नको. मुलाचे मामा म्हणतात, दुसऱ्यांदा झाला तर जिवावर बेततो. स्कॉट हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तसे सिद्ध केल्याचे बाईंच्या वाचनात आले. यात खरे काय, आणि मुलाला लस देता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, आजींचे म्हणणे चतकोर खरे आहे आणि मामांचे अर्धे. गोवर किंवा कांजिण्या एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि त्यावरूनच आपण सगळ्या साथींचा अंदाज बांधतो. डेंग्यूला तो लागू पडत नाही. या रोगात प्रतिकारशक्ती आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या प्रकाराविरुद्ध आहे, किती आहे आणि कधीपासूनची आहे, हे तिन्ही पाहावे लागते. हॉलस्टेड यांचे संशोधन नेमके याच तीन गोष्टींभोवती फिरते. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. पुढचा व्यवहारातला सल्ला त्यातूनच निघतो.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत आणि चौघेही मुख्यतः एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतात. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात आणि पॅसिफिक बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना या तापाने बेजार केले, तेव्हा आल्बर्ट सेबिन यांनी (पुढे तोंडावाटे द्यायची पोलिओची लस ज्यांच्या नावाने ओळखली गेली तेच) स्वयंसेवकांवर प्रयोग केले. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला तोच प्रकार पुन्हा टोचला, तर दीड वर्षानंतरही ताप येत नव्हता. दुसरा प्रकार टोचला, तर मात्र सुमारे दोन महिनेच पूर्ण संरक्षण मिळत होते, त्यानंतर काही महिने अर्धवट आणि पुढे काहीच नाही. म्हणजे स्वतःच्या प्रकाराविरुद्धचे संरक्षण टिकाऊ आणि इतर तिघांविरुद्धचे तात्पुरते, हे १९४० च्या दशकातच कळले होते. आजींचे म्हणणे चतकोर खरे म्हटले ते यामुळे: चारांपैकी एका प्रकारापासून आपला मुलगा बहुधा कायमचा सुटला आहे.

तेव्हा डेंग्यू हा हाडे मोडून काढणारा पण जिवावर न उठणारा ताप समजला जाई. १९५३-५४ मध्ये मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये मुलांमध्ये वेगळाच आजार दिसू लागला. ताप उतरायच्या सुमारास मुले थंडगार पडायची, नाडी हाताला लागायची नाही, अंगावर रक्ताचे ठिपके उठायचे आणि कित्येक मुले दगावायची. त्यांच्या रक्तात सापडणारे विषाणू मात्र डेंग्यूचेच होते. एकच विषाणू एका घरात नुसता ताप देतो आणि दुसऱ्या घरातले मूल नेतो, हे कसे, असा प्रश्न होता.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलस्टेड अमेरिकन लष्कराचे डॉक्टर म्हणून बँकॉकमधील एका प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथल्या बालरुग्णालयांतील रुग्णांची वयानुसार मांडणी केल्यावर त्यांना एक चमत्कारिक आकृती दिसली. गंभीर आजाराचे दोन उंचवटे होते. पहिला एक वर्षाच्या आतील बाळांमध्ये, विशेषतः सहा-सात महिन्यांच्या पुढे. मग वर्ष-दोन वर्षांच्या वयात उतार. आणि पुन्हा तीन वर्षांच्या पुढे चढ. मोठ्या मुलांचे रक्त तपासले तेव्हा बहुतेकांना हा दुसरा संसर्ग असल्याचे आढळले. बँकॉकमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांनाही डेंग्यू होत होता, पण ते पहिल्यांदाच या विषाणूच्या तावडीत सापडलेले होते आणि त्यांच्यात तो जीवघेणा आजार जवळजवळ दिसत नव्हता. इथपर्यंत तर्क सरळ होता: दुसरी वेळ धोक्याची.

पण बाळांचे काय? सात महिन्यांच्या बाळाला डेंग्यू दुसऱ्यांदा होणे अवघडच, आणि तपासणीतही त्यांचा तो पहिलाच संसर्ग ठरत होता. माझ्या मते या संशोधनातला सर्वांत बुद्धिमान भाग इथे आहे. त्या बाळांच्या आया बँकॉकच्याच होत्या, त्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला होता, आणि गर्भात असताना नाळेतून आईची प्रतिपिंडे (जंतूंशी लढायला शरीर तयार करते ती प्रथिने, म्हणजेच अँटिबॉडी) बाळाच्या रक्तात उतरली होती. जन्मानंतरचे पहिले काही महिने ही प्रतिपिंडे भरपूर असतात, तेव्हा बाळ सुरक्षित असते. वर्षभराने ती संपतात, तेव्हा बाळ कोऱ्या पाटीचे होते. मधल्या काळात ती असतात, पण पुरेशी नसतात. आणि गंभीर आजार नेमका याच काळात गाठतो. बाळाच्या शरीराला पूर्वीच्या संसर्गाचा काहीही अनुभव नव्हता; त्याच्याजवळ होती ती फक्त आईकडून आलेली, विरत चाललेली प्रतिपिंडे. मोठ्या मुलांमधला आजार आणि बाळांमधला आजार यांतला समान धागा तोच होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील अभ्यासाने याला बळकटी दिली. आईच्या रक्तात प्रतिपिंडांची पातळी किती होती, यावरून बाळाला कोणत्या वयात गंभीर डेंग्यू होईल याचा मेळ बसत होता.

प्रतिपिंडे रक्षण करायची सोडून घात कशी करतात, हेही सांगायला हवे. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्याचे दोन फाटे विषाणूला चिकटतात आणि खालचा दांडा पांढऱ्या पेशींपैकी भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील ठरावीक जागी बसतो. नेहमीच्या रोगात ही व्यवस्था उत्तम चालते, कारण भक्षक पेशी पकडून आणलेला जंतू गिळून नष्ट करते. डेंग्यूचा विषाणू मात्र नेमका याच भक्षक पेशींमध्ये वाढतो. प्रतिपिंडे पुरेशी आणि नेमकी असतील, तर विषाणूचा पृष्ठभाग झाकला जातो आणि त्याचा निकाल लागतो. ती तोकडी असतील, किंवा दुसऱ्या प्रकाराविरुद्ध बनलेली असल्यामुळे घट्ट बसत नसतील, तर विषाणू जिवंत राहतो आणि त्याच प्रतिपिंडाच्या दांड्याला धरून पेशीत शिरतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसा प्रकार होतो. एरवी शिरला असता त्यापेक्षा कितीतरी जास्त पेशींत विषाणू शिरतो, रक्तातले त्याचे प्रमाण वाढते आणि त्यापाठोपाठ शरीराची प्रतिक्रियाही हाताबाहेर जाते.

ही घटना इतर काही विषाणूंच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या हॉक्स यांनी १९६४ मध्ये प्रयोगशाळेत पाहिली होती. डेंग्यूत ती माणसाच्या रक्तपेशींवर दाखवली हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्याने, १९७७ मध्ये. प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव (सीरम) मूळच्या दाट स्वरूपात विषाणूला मारत होता आणि तोच रक्तद्रव पाणी घालत घालत विरळ केला की एका टप्प्यापासून विषाणूची वाढ वेगाने होत होती. पुढे त्यांनी माकडांना प्रतिपिंडयुक्त मानवी रक्तद्रव देऊन मग विषाणू टोचला, तेव्हा प्रतिपिंडे न दिलेल्या माकडांच्या मानाने त्यांच्या रक्तात विषाणू कित्येक पटींनी अधिक आढळला. सगळी मेख प्रमाणात आहे: भरपूर प्रतिपिंडे चालतात, अजिबात नसली तरी एक वेळ चालते, मधली पातळी धोक्याची.

हे सगळ्यांनी लगेच मान्य केले असे नाही. लिऑन रोझेन यांच्यासारख्या जाणकार संशोधकांचे म्हणणे होते की पहिल्या संसर्गातही माणसे दगावतात, तेव्हा विषाणूची जातकुळीच जहाल असली पाहिजे. हा आक्षेप वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. पेरूमधील इक्विटोस शहरात चारांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकाराची मोठी साथ आली, बहुसंख्य लोकांचा तो दुसरा संसर्ग होता, आणि तरीही अपेक्षेइतका गंभीर आजार दिसला नाही. तिथला विषाणू अमेरिका खंडातील एका वेगळ्या उपप्रकाराचा होता. तेव्हा पूर्वीची प्रतिपिंडे हा एक घटक झाला, विषाणूची जात हा दुसरा आणि माणसाची प्रकृती हा तिसरा. पण पहिल्या घटकाचे वजन किती मोठे आहे, हे क्युबाने दाखवून दिले, आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेत जमले नसते.

क्युबात १९४० च्या दशकानंतर डेंग्यू जवळजवळ नव्हताच. १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, पुष्कळांना सौम्य ताप येऊन गेला. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची साथ आली आणि हाहाकार उडाला: ३,४४,२०३ रुग्ण आणि १५८ मृत्यू, त्यांपैकी १०१ लहान मुले. त्यानंतर डासांविरुद्ध मोहीम उघडून त्यांनी रोग आटोक्यात आणला. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा शहरात दुसरा प्रकार पुन्हा शिरला. या वेळी गंभीर आजाराचे २०५ रुग्ण निघाले, १२ दगावले, आणि ते सगळे प्रौढ होते. लहान मुलांना गंभीर आजार झाला नाही, कारण ती १९७७ च्या साथीनंतर जन्मलेली होती आणि त्यांच्या अंगात पहिल्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे नव्हतीच. ज्यांना वीस वर्षांपूर्वी साधा ताप येऊन गेला होता, त्यांच्यावर तो आता उलटला. एरवी मुलांना गाठणारा आजार एका शहरात मुलांना सोडून आईबापांना गाठतो, याचे दुसरे स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही. मारिया ग्वादालूपे गुझमान आणि गुस्ताव्हो कौरी या क्युबन संशोधकांनी या साथींच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या, म्हणून आज हे आपल्याला सांगता येते. दोन संसर्गांमधले अंतर वाढेल तसा धोका कमी होतो असे नाही, हेही तिथूनच कळले. म्हणजे मुलाच्या आजाराला दोन वर्षे झाली, आता धोका टळला, असा हिशेब करता येत नाही.

पुढे निकाराग्वातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासाने धोक्याची पातळी आकड्यांत मांडली. हजारो मुलांचे रक्त दरवर्षी तपासून ठेवलेले होते, त्यामुळे आजारी पडण्यापूर्वी कोणाच्या रक्तात किती प्रतिपिंडे होती हे माहीत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एका ठरावीक मधल्या पट्ट्यात पातळी असलेल्या मुलांना गंभीर आजाराचा धोका सुमारे साडेसात पट होता. त्या पट्ट्याच्या वर असलेली मुले उलट सुरक्षित होती.

आता मामांसाठी. धोका अनेक पटींनी वाढतो याचा अर्थ दुसरा डेंग्यू झालेले प्रत्येक मूल गंभीर होते असा नाही. मूळ धोका लहान असल्याने पटीने वाढूनही तो लहानच राहतो, आणि दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली बहुसंख्य मुले साध्या तापाने बरी होतात. कित्येकांना तर झाल्याचे कळतही नाही. तिसऱ्या-चौथ्या संसर्गात गंभीर आजार क्वचितच दिसतो. दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी: पहिला संसर्ग निर्धास्त राहण्यासारखा असतो हेही खरे नाही. भारतातील तीन रुग्णालयांमधील मुलांच्या अभ्यासात, जो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, गंभीर आजार झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचा तो पहिलाच संसर्ग असल्याचे आढळले. बँकॉकच्या साठ वर्षांपूर्वीच्या चित्रावरून आपल्याकडचे सगळे रुग्ण समजून घेता येणार नाहीत, हे या अभ्यासाने दाखवले आहे, आणि आपल्याकडे असे अभ्यास आणखी व्हायला हवेत असे माझे ठाम मत आहे. ‘पहिलाच आहे, काही होत नाही’ असे म्हणून जे पालक मुलाला उशिरा घेऊन येतात, त्यांची मला जास्त धास्ती वाटते.

शिवाय पहिला कोणता आणि दुसरा कोणता हे घरच्या आठवणीवरून ठरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीत पाच ते आठ वर्षांच्या २८.३ टक्के मुलांच्या आणि नऊ ते सतरा वर्षांच्या ४१ टक्के मुलांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याची खूण सापडली. पश्चिम भारतात सर्व वयोगट मिळून हे प्रमाण ६२.३ टक्के होते. एवढ्या सगळ्यांना डेंग्यूचे निदान झालेले नसते, हे उघड आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा दवाखान्यातला आजार हा आपल्या मुलाचा पहिला संसर्ग होता, असे गृहीत धरू नये. कदाचित तो दुसराच असेल. जुने रिपोर्ट जपून ठेवले असतील, तर त्यावरून अंदाज येतो: तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच आयजीजी (जुन्या संसर्गाची आठवण ठेवणारी) प्रतिपिंडे जोरात पॉझिटिव्ह आली असतील आणि आयजीएम (नव्या संसर्गात आधी येणारी) कमी असतील, तर तो बहुधा दुसरा संसर्ग होता. एनएस-१ (विषाणूचे एक प्रथिन) पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह, असे असेल तर पहिला. विषाणूचा प्रकार मात्र या साध्या तपासण्यांत कळत नाही. त्यासाठी आजारपणातच पीसीआर तपासणी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) करावी लागते आणि ती सर्रास केली जात नाही.

लसीचा प्रश्न याच धाग्याला जोडलेला आहे, आणि हॉलस्टेड यांचे नाव सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने त्यामुळेच. सानोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया ही लस २०१५ च्या अखेरीस मेक्सिकोत मान्य झाली आणि एप्रिल २०१६ पासून फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना शाळांमधून टोचली गेली. चाचण्यांच्या तिसऱ्या वर्षी एक गोष्ट खटकणारी दिसली होती: दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये, लस घेतलेली मुले न घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात रुग्णालयात दाखल झाली. कंपनीने कोवळ्या वयाकडे बोट दाखवले आणि लस नऊ वर्षांच्या पुढे द्यायचे ठरले. हॉलस्टेड यांनी २०१६ मध्येच लिहून बजावले की प्रश्न वयाचा नसून पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे की नाही याचा आहे. ज्या मुलाला तो झालेलाच नाही, त्याच्यासाठी ही लस पहिल्या संसर्गाचे काम करते आणि पुढचा खरा संसर्ग त्याला दुसऱ्यासारखा भेटतो. लहान मुलांमध्ये अशी कोरी मुले जास्त, म्हणून दोष वयाचा वाटला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, निकाराग्वाचा अभ्यास ज्या महिन्यात बाहेर आला त्याच महिन्यात, कंपनीने स्वतःच्या नव्या विश्लेषणावरून हे कबूल केले. फिलिपिन्सने कार्यक्रम लगोलग थांबवला. जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्या वर्षी आधी रक्त तपासूनच ही लस द्यावी अशी शिफारस केली.

त्या देशात त्यानंतर सगळ्याच लसींवरचा विश्वास ढासळला आणि २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली. गोवराची लस आणि डेंग्यूची लस यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे वेगळे सांगायची गरज पडू नये. पण गैरसमज तसाच पसरतो, म्हणून सांगतो. डेंग्यूच्या लसीची ही कथा वाचून कृपया मुलांचे इतर डोस चुकवू नका.

आपल्या मुलापुरते पाहिले, तर त्याला डेंग्यू होऊन गेल्याचा प्रयोगशाळेतला पुरावा असेल, तर अशा लसींचा त्याला फायदाच होण्याची शक्यता जास्त, कारण पूर्वी संसर्ग झालेल्यांमध्ये लसींनी चांगले संरक्षण दिल्याचे दिसले आहे. ताकेदा कंपनीची क्यूडेंगा ही तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत द्यायची लस अनेक देशांत मान्य झाली असून, डेंग्यूचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या भागात सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. भारतात पॅनेशिया बायोटेकच्या एका डोसाच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू झाली. दहा हजारांहून अधिक स्वयंसेवक तिच्यात घ्यायचे ठरले, पण ते प्रौढ आहेत. मुलांसाठी निर्णय घेताना मुलांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष पाहावे लागतील. कोणतीही लस पुढे आली की दोन प्रश्न विचारा: डेंग्यू न झालेल्या मुलांमध्ये तिने काय केले, आणि किती वर्षे पाहणी केली. लस दिल्यावर पहिल्या वर्षी दिसणारा फायदा पुरेसा नाही, हे डेंगव्हॅक्सियाने शिकवले आहे.

लस येईल तेव्हा येईल. ताप मात्र उद्याही येऊ शकतो. तेव्हा काय पाहायचे, ते सांगतो, कारण डेंग्यूत ताप असेपर्यंत पालक सावध असतात आणि ताप उतरला की निश्चिंत होतात. धोका नेमका तिथे सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि त्याच सुमारास, पुढच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, रक्तवाहिन्यांमधून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले आहे. अशा वेळी मूल कसे दिसते, तर ताप नाही, थर्मामीटर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दाखवतो, पण हाताचे पंजे आणि पाय गार लागतात, ओठ कोरडे पडतात, मूल पोट दुखते म्हणून कुरकुरते, दोन-तीनदा उलटी करते आणि मग गुपचूप पडून राहते. सकाळपासून लघवी एकदाच झालेली असते. आई म्हणते, ‘ताप गेला, आता झोपू दे त्याला.’ असे मूल झोपू देऊ नये, त्याच क्षणी दवाखाना गाठावा. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी, विलक्षण सुस्ती किंवा चिडचिड, यांपैकी एकही लक्षण असेल तरी थांबू नये.

रिपोर्ट हातात आला की आपल्याकडे सगळ्यांची नजर पेशींच्या, म्हणजे प्लेटलेटच्या, आकड्यावर जाते. नातेवाईक फोनवरही ‘पेशी किती?’ एवढेच विचारतात. मी पालकांना त्याच कागदावरची पीसीव्हीची (रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के, ते सांगणारी) ओळ दाखवतो. समजा मुलाची पीसीव्ही काल ३६ होती आणि आज ४४ आहे, तर रक्तातला द्रव कमी होऊन रक्त घट्ट होत आहे, आणि ही वीस टक्क्यांहून मोठी वाढ प्लेटलेट ६० हजार असण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. उपचार म्हणजे वेळेवर आणि मोजून दिलेले सलाईन. कमी दिले तर मूल शॉकमध्ये जाते आणि नको तेव्हा जास्त दिले तर छातीत पाणी होते. बँकॉकच्या डॉ. सुचित्रा निम्मानित्य यांनी हीच मोजून देण्याची पद्धत बसवली. मृत्यू कमी झाले ते मुख्यतः अशा काळजीमुळे, कोणत्याही औषधामुळे नव्हे. रक्तस्राव नसताना नुसता आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा आग्रह डॉक्टरांना करू नका. सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून खाली असतानाही, त्या चढवल्याने रक्तस्राव टळला नाही आणि त्रास मात्र वाढले. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे; आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळावे. घरी असेपर्यंत ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडे थोडे चालू ठेवावे.

आणि सोलापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उजनी धरणाचे पाणी गेली कित्येक वर्षे नळाला काही दिवसांआड येत आले आहे. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक घरात पाणी साठवावेच लागते. पूर्व भागात, विडी घरकुलात, नीलमनगरात दारोदार निळी बॅरले, सिमेंटचे हौद आणि छतावर सिंटेक्स दिसतात. म्हणून सोलापुरात डेंग्यू नुसत्या पावसाळ्यावर अवलंबून राहत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खात्याचे लोक सांगतात, पण पाण्याची पाळी पुढे ढकलली गेली की बॅरलात उरलेले हातभर पाणी ओतून द्यायला कोणाचे मन होत नाही, आणि त्याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही. तेव्हा पाणी न फेकता काय करता येईल ते सांगतो. पाणी दुसऱ्या भांड्यात पातळ सुती कापडातून गाळून घ्या. रिकाम्या बॅरलाच्या आतल्या बाजूला, पाण्याची रेघ असते तिच्या जरा वर, बोट फिरवा. बारीक काळे कण चिकटलेले लागतात, ती एडिसची अंडी. नुसते विसळून ती निघत नाहीत आणि कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात, मग पाणी आले की फुटतात. काथ्याने किंवा ब्रशने घासून काढावी लागतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून हे आठवड्यातून एकदा केले तर साखळी तुटते. बॅरलावर पत्र्याचे झाकण टेकवून ठेवलेले असते, त्याच्या फटीतून डास सहज जातो. त्याऐवजी जुन्या धोतराचे किंवा साडीचे कापड तोंडावर ताणून सुतळीने बांधलेले बरे. हौद घासणे शक्य नसेल, तर गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चौकशी केली तर मिळतात. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे मुलगा शाळेत असतो त्या वेळेचाही विचार करा. आपण शिक्षिका आहात. शाळेच्या गच्चीवरची टाकी आणि कुलरची तळपातेली एकदा स्वतः उघडून पाहा.

मुलाच्या जुन्या फाइलची एक झेरॉक्स काढून घरात वेगळी ठेवा आणि यंदा ताप आला तर पहिल्याच दिवशी ती डॉक्टरांपुढे ठेवा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम, दोन्ही शक्यतो एलायझा पद्धतीने (झटपट पट्टीवर नव्हे, प्रयोगशाळेत होणारी तपासणी). आणि तिसऱ्या दिवसापासून रोज पीसीव्ही, ताप उतरल्यानंतर आणखी दोन दिवसांपर्यंत.